आईला अल्सर नव्हता

"सिग्नेट रिंग सेल कार्सिनोमा," डॉ. तारिक म्हणाले आणि माझ्या रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी पेनाने एक गोल काढला. गोलाच्या एका कडेला ठिपका दिला. या पेशींच्या पोटात चिकट द्रव भरतो, त्यामुळे मधलं केंद्रक कडेला ढकललं जातं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसते, असं त्यांनी समजावलं. मी त्या चित्राकडे बघत बसले. जठराच्या कॅन्सरला दागिन्याचं नाव ज्याने दिलं, तो समोर असता तर मी त्याला दोन शब्द सुनावले असते.

डॉ. तारिक सुदानचे. माणूस सभ्य. माझा नवरा संजय शेजारी कंपनीच्या गणवेशातच बसला होता, रास लफानच्या गॅस प्रकल्पावरची शिफ्ट अर्धी टाकून आलेला. तो म्हणाला, "पण डॉक्टर, सात महिन्यांपूर्वी तुम्हीच एंडोस्कोपी केली होती. नॉर्मल म्हणाला होतात."

डॉक्टरांनी मान हलवली. "हा प्रकार वेगळा आहे. नेहमीच्या कॅन्सरची गाठ होते, ती दुर्बिणीत दिसते. हा डिफ्यूज, म्हणजे विखुरलेला. एकेक सुटी पेशी अस्तराच्या खालून पसरत जाते. वरचं अस्तर गुळगुळीत दिसतं. आम्ही वरवरचे तुकडे घेतो आणि त्यात काही सापडत नाही."

मग ते म्हणाले, "कुटुंबात कुणाला होता असं तुम्ही लिहिलं असतं, तर मी तेव्हाच वेगळ्या पद्धतीने शोधलं असतं. जास्त तुकडे, जास्त खोलवर. पण तुमच्या फॉर्मवर 'नाही' आहे."

होय, 'नाही'च होतं. माझ्याच अक्षरात. आणि ते लिहिताना मी खोटं बोलत नव्हते. हे सगळं मी लिहायला घेतलं आहे ते त्या 'नाही'मुळे.

आधी लक्षणं सांगते, कारण हे वाचणाऱ्या कुणाला उपयोग झाला तर तो यांचाच होईल. माझं दुखत नव्हतं. उलटी नाही, रक्त नाही. फक्त दोन घास खाल्ले की पोट भरायचं. अर्धी पोळी झाली की पंगत जेवून उठल्यासारखं वाटायचं. वैद्यकीय भाषेत याला 'अर्ली सटायटी' म्हणतात, म्हणजे वेळेआधीच पोट भरणं. आमच्या भाषेत याला 'भूक कमी झाली' म्हणतात आणि त्यावर आनंद मानतात.

मीही मानला. आम्ही इथे आखातात, अल खोरला कंपनीच्या वसाहतीत राहतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या जमल्या, तेव्हा एकीने माझ्या ब्लाउजच्या ढिल्या बाहीला चिमटा काढून विचारलं, "काय गं वृंदा, कुठलं डाएट? आम्हालाही सांग की." मी लाजून हसले. घरी येऊन आरशात वळून वळून बघितलं. पंचेचाळीसाव्या वर्षी कंबर परत आली म्हणून मी देवाचे आभार मानले होते, हे आठवलं की आजही स्वतःच्या मुस्कटात द्यावीशी वाटते.

पुढे ऑक्टोबरात गिळताना घास अडकायला लागला तेव्हा एंडोस्कोपी झाली. एच. पायलोरी सापडला. हा जठरातला एक जंतू, आपल्याकडे निम्म्या लोकांत असतोच म्हणतात. दोन आठवडे अँटिबायोटिक, पुढे ॲसिडिटीच्या गोळ्या. थोडं बरं वाटलं. मग नाही वाटलं. मग मी इथले सगळे आपले लोक जे करतात तेच केलं. "जुलैत सुट्टीला गेलं की नाशिकला दाखवू" असं म्हणून विषय गुंडाळला. दात, गुडघे, डोळे, थायरॉइड, आम्ही आमचं सगळं शरीर वर्षभर साठवून ठेवतो आणि जुलैच्या तीन आठवड्यांत उरकून टाकतो. इथे हॉस्पिटलं नाहीत असं नाही. चकाचक आहेत. पण मराठीत 'पोटात कसंसंच होतंय' असं सांगितल्याशिवाय आम्हाला दाखवल्यासारखं वाटत नाही.

पुढचा जुलै उजाडलाच नाही. मे महिन्यात शाळेत, प्रयोगशाळेत मुलांच्या वह्या तपासताना मी पाणी प्यायले आणि ते तसंच परत वर आलं. मी तिथे लॅब असिस्टंट आहे. मुख्याध्यापिकांनी स्वतः गाडीत घातलं.

दुसऱ्या एंडोस्कोपीत जठर हवा भरूनही फुगेना. भिंत जाड आणि ताठ झालेली. याला 'लिनायटिस प्लास्टिका' म्हणतात, म्हणजे जठराचं चामड्याच्या पिशवीसारखं होणं. माझं अजून पूर्ण झालं नव्हतं, एका भागापुरतं होतं. "तेवढं नशीब," डॉक्टर म्हणाले. मी नशीब हा शब्द तेव्हापासून टाकून दिला आहे.

त्यानंतर चाचण्यांचे दिवस. अल खोरहून दोहाला जायचं, तास-पाऊण तास सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना फिकट वाळू. सीटी स्कॅन, पेट स्कॅन. पेट स्कॅनमध्ये अंगात किरणोत्सारी साखर सोडतात, कॅन्सर ती खातो आणि चमकतो. पण या जातीचा कॅन्सर पुष्कळदा चमकतही नाही. म्हणून मग लॅपरोस्कोपी, म्हणजे पोटाला छोटी भोकं पाडून आत कॅमेरा घालून बघणं. पोटाच्या आतल्या पडद्यावर, ज्याला पेरिटोनियम म्हणतात, तिथे या सुट्या पेशी बियांसारख्या सांडतात. तिथून बायकांच्या बीजकोशात जातात. कधी कधी तर बीजकोशातली गाठ आधी सापडते आणि मूळ जठरात आहे हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

मी हे सगळं लक्ष देऊन ऐकत होते आणि मला काहीही आठवत नव्हतं. एवढं मोठं खोटं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

वेटिंग रूममध्ये टोकन घेऊन बसायचं. समोरच्या पडद्यावर आकडे सरकतात. शेजारी काळ्या पायघोळ अबायातली एखादी आजी तसबीह, म्हणजे जपमाळ, फिरवत असते, तिच्याबरोबरची फिलिपिनो बाई मोबाइल बघत असते. प्रत्येक खिडकीवर, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'इन्शाल्ला'. रिपोर्ट मंगळवारी, इन्शाल्ला. बेड मिळेल, इन्शाल्ला. सोळा वर्षं हा शब्द मी स्वतः भाजीवाल्याशीही वापरत आले. त्या दिवसांत तो ऐकला की तळपायाची आग मस्तकात जायची. देवाची इच्छा नका सांगू, तारीख सांगा.

लॅपरोस्कोपीत पोटाचा पडदा स्वच्छ निघाला. पोट धुऊन काढलेल्या पाण्यातही पेशी नव्हत्या. केमोथेरपीच्या चार फेऱ्या, मग जठर पूर्ण काढायचं, मग पुन्हा केमो, असं ठरलं. आणि वय कमी, प्रकार हा, म्हणून मला जेनेटिक कौन्सेलरकडे पाठवलं. आजार घराण्यातून आला आहे का, हे शोधणारी ही तज्ज्ञ.

तिचं नाव डॉ. रीम. जॉर्डनची, माझ्याच वयाची. तिने एका कागदावर आमचा वंशवृक्ष काढायला घेतला. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन, गेलेल्यांवर तिरकी रेघ. आईच्या गोलावर रेघ मारताना तिने विचारलं, "कशाने गेली?"

"अल्सर फुटला."

"वय?"

"चौपन्न."

"त्याआधी काही ऑपरेशन?"

"हो, वर्षभर आधी. बायकी ऑपरेशन. बीजकोशात गाठ होती, काढली."

तिने पेन खाली ठेवलं. "पोटात पाणी झालं होतं? जेवण जात नव्हतं?"

होतं. जात नव्हतं. व्हिडिओ कॉल तेव्हा एवढे नव्हते, पण फोनवर आई म्हणायची, "काही नाही गं, हल्ली पाणीच भरतंय पोटात, काढून आणलं की बरं वाटतं." हे मी शब्दशः डॉ. रीमला सांगितलं आणि सांगता सांगता मलाच ऐकू आलं. शेजारी संजयने माझा हात धरला होता, तो मी झटकला.

पार्किंगमध्येच, गाडीत बसून, मी नाशिकला दादाला फोन लावला. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, तेव्हापासून घरातलं सगळं त्यानेच पाहिलं.

"दादा, आईला काय झालं होतं?"

"का गं, आत्ता काय मध्येच?"

"काय झालं होतं?"

तिकडे दार लावल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "तू तिकडे नवीन होतीस. त्यात आठवा महिना. विमानात बसू देणार नव्हते तुला. सांगून काय उपयोग होता? आईनेच शपथ घातली होती."

"आणि नंतर? सोळा वर्षं?"

"नंतर काय... गेलेल्या माणसाचं उकरून काढायचं का?"

त्याने आईची फाइल जपून ठेवली होती. माझ्या ओरडण्याने म्हणा, रडण्याने म्हणा, संध्याकाळी त्याने एका कागदाचा फोटो पाठवला. पिवळा पडलेला बायोप्सी रिपोर्ट, बीजकोशाचा. त्यावर तेच लिहिलेलं होतं जे माझ्या रिपोर्टवर होतं. सिग्नेट रिंग सेल. मूळ जठरात असण्याची शक्यता, असाही शेरा होता. म्हणजे घरात लेखी पुरावा होता आणि मी परदेशात राहून सुरक्षित होते, कारण मला काळजी वाटू नये म्हणून सगळे काळजी घेत होते.

आखातात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आपण सगळेच हे करतो. तिकडून विचारलं की "सगळं मजेत", इकडून विचारलं की "एकदम छान". तिकडचा माणूस आयसीयूत असतो आणि फोनवर आपल्याला आंब्याचा भाव सांगितला जातो. आपली नोकरी जाते आणि आपण तिकडे खजूर पाठवतो. या प्रकाराला आपण माया म्हणतो. मी त्या मायेपायी जठर घालवलं, म्हणून मला तिला दुसरं नाव द्यायचा अधिकार आहे. तो भित्रेपणा आहे.

माझ्या रक्ताचा रिपोर्ट चौथ्या केमोच्या वेळी आला. सीडीएच-वन नावाच्या जनुकात बिघाड. हे जनुक पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवतं. ते बिघडलं की पेशी सुट्या होतात आणि जठराच्या भिंतीत एकेकट्या फिरायला लागतात. बायकांना याच्यापायी स्तनाच्या एका विशिष्ट कॅन्सरचाही धोका असतो. आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता अर्धी.

डॉ. रीम म्हणाली, "तुझ्या भावाने तपासणी करायला हवी. त्याला नसेल तर त्याच्या मुलांना काही भीती नाही. असेल तर त्यांनाही करावी लागेल. लवकर सापडलं तर वाचवता येतं. यात लवकर हाच सगळा उपचार आहे."

दादाला एकच मुलगी. मधुरा, चोवीस वर्षांची, पुण्यात बँकेत. मी लगेच दादाला कळवलं.

"वृंदा, हात जोडतो," दादा म्हणाला. "मधुराचं जमत आलंय. मुलगा इंजिनिअर, घर चांगलं, अठ्ठावीस गुण जुळलेत. आत्ता घराण्यात असलं काही आहे म्हटल्यावर कोण दारात उभं करेल पोरीला? लग्न होऊन जाऊ दे. मग आपण सगळे टेस्ट करू. मी शब्द देतो."

वहिनी फोनवर आल्या. त्या रडत होत्या. "तुझी इरा अजून लहान आहे. तिच्या लग्नाच्या वेळेला तुला कळेल."

आता मी काय केलं ते लिहिते. मी 'बरं' म्हटलं. केमोने तोंड आलं होतं, केस गळत होते, भांडायला ताकद नव्हती, ही कारणं खरी आहेत. पण खरं कारण वेगळं आहे. मला ते पटलं. एका मिनिटात पटलं. आईच्या रिपोर्टवरून ज्या भावाला मी नाही नाही ते बोलले, त्याच्याच बाजूला जाऊन मी पाट मांडून बसले.

मधुरा त्या काळात रोज मेसेज करायची. "आत्या, आज काय खाल्लंस?" मी लिहायची, "पेज. छान होती."

माझं ऑपरेशन झालं. टोटल गॅस्ट्रेक्टॉमी, म्हणजे जठर पूर्ण काढून अन्ननलिका सरळ आतड्याला जोडणं. साडेपाच तास. पहिले दोन दिवस मला फारसे आठवत नाहीत. नाकात नळी, पोटाला नळी आणि एक मल्याळी सिस्टर, जी "चेची, उठो, चलना है, यल्ला" म्हणत मला धरून कॉरिडॉरभर फिरवायची. चेची म्हणजे तिच्या भाषेत ताई, यल्ला म्हणजे अरबीत चला. मी तिला शिव्या घालायची, मराठीत. ती हसायची.

पाचव्या दिवशी सकाळी मला पहिल्यांदा तीन चमचे पाणी मिळालं. ते गिळून मी फोन हातात घेतला. घरच्या ग्रुपवर वहिनींनी फोटो टाकला होता. मधुरा साखरपुड्याची पैठणी अंगाला लावून उभी. खाली लिहिलं होतं, "आमची नवरी हल्ली दोन घास खाऊन उठते. डाएट चालू आहे!" खाली हसरे चेहरे, बदाम, अंगठे. माझ्या ब्लाउजच्या बाहीला काढलेला तो चिमटा मला जसाच्या तसा आठवला.

मी मधुराला फोन लावला. नळीने आवाज बसला होता. मी सगळं सांगितलं. आजीला काय होतं, मला काय आहे, जनुक म्हणजे काय, अर्धी शक्यता म्हणजे काय. ती ऐकत होती. बँकेत होती, मागे टोकनची घंटी वाजत होती.

शेवटी तिने विचारलं, "बाबांना माहितीये?"

"हो."

"आणि तुला तुझा रिपोर्ट कधी आला, आत्या?"

मी खोटं सांगू शकले असते. "पाच आठवडे झाले."

"पाच आठवडे," ती म्हणाली. "रोज बोलत होतीस माझ्याशी. तू पण?"

मग तिने फोन ठेवला.

टाक्यांचं दुखणं मी सांगू शकते, केमोचं सांगू शकते. त्या 'तू पण'चं मला सांगता येत नाही. इतके महिने मी सगळ्यांवर चिडत होते. डॉक्टरवर, दादावर, मेलेल्या आईवर. माझ्यावर चिडण्याचा हक्क असलेलं माणूस मात्र त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर चिडलं.

मधुराने दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी मेसेज आला. "टेस्टचं नाव पाठव. तुझा रिपोर्ट आणि आजीचापण." मी पाठवले. तिने स्वतःच रक्त दिलं. बापाच्या होकाराची वाट पाहिली नाही. त्या मुलालाही तिनेच फोन करून सांगितलं. चार दिवसांत त्यांच्याकडून निरोप आला की पत्रिका पुन्हा दाखवली, नाडीदोष निघाला. आधीच्या अठ्ठावीस गुणांचं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

दरम्यान मी घरी आले. सोफ्यावर उशा लावून बसले होते. माझ्या सोळा वर्षांच्या इराने वाटीत दोन चमचे खिचडी आणून दिली आणि समोर बसली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

"सो, डू आय हॅव इट?" तिने विचारलं.

संजय स्वयंपाकघरातून म्हणाला, "अगं, काही नाही तसं, तू अभ्यास..."

"संजय, थांब," मी म्हटलं. आणि तिला सांगितलं की माहीत नाही. असू शकतं, नसू शकतं. वयाची झालीस की टेस्ट करायची की नाही ते तू ठरवायचं, आणि तोवर तुला जे विचारायचं असेल त्याचं खरं उत्तर मिळेल. ती खूप रडली. मी तिला रडू दिलं. नेहमीसारखं 'काही होत नाही' म्हटलं नाही, कारण काहीही होतं, हे आता आम्हाला दोघींना ठाऊक होतं.

मधुराचा रिपोर्ट आला. बिघाड तिच्यातही आहे, म्हणजे दादातही असणारच. मुंबईत तिची एंडोस्कोपी झाली. डोळ्यांना काहीच दिसलं नाही. पण डॉक्टरांना आता माहीत होतं काय शोधायचं ते. त्यांनी ढिगाने तुकडे घेतले आणि त्यांतल्या एकात त्या पेशी सापडल्या. थोड्याच, अस्तरातच, अजून कुठेही न गेलेल्या. तिचं ते दोन घासांचं डाएट खरंच डाएट होतं, त्याचा याच्याशी काही संबंध नव्हता. तिला काहीही होत नव्हतं. काही व्हायला लागलं असतं, तेव्हा ती माझ्या किंवा आईच्या जागी असती.

तिचं जठर काढलं. केमो लागली नाही. ती आता दिवसातून आठ वेळा वाटी वाटी खाते, बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन घेते आणि बँकेत जाते. माझ्याशी बोलते, पण पूर्वीसारखं नाही. रोजचा मेसेज बंद झाला आहे. मी त्याबद्दल तक्रार करत नाही. दादाने अजून रक्त दिलेलं नाही. "बघू" म्हणतो. मी दर रविवारी फोन करून त्याला तेच विचारते आणि तो दर रविवारी चिडतो.

माझं पुढे काय होईल ते डॉक्टर सांगत नाहीत आणि मी त्यांना खोटी आशा विचारत नाही. तीन महिन्यांनी स्कॅन असतो. तो झाला की पुढचे तीन महिने माझे.

हे वाचणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. तुमची गेलेली माणसं नेमकी कशाने गेली ते आजच विचारा. 'पोटाचं काहीतरी', 'बायकी ऑपरेशन', 'अशक्तपणा' अशी उत्तरं घेऊ नका. फाइल मागा. घरचे दुखावतील. दुखावू देत.

गेल्या आठवड्यात, मधुरा सुट्टीला नाशिकला गेलेली असताना, वहिनींचा फोन आला. एवढ्या महिन्यांत पहिला. माझी तब्येत विचारली नाही. त्या म्हणाल्या, "त्या मुलाचं परवा लग्न झालं. किती चांगलं स्थळ होतं. तुझ्यामुळे गेलं, वृंदा."

"हो वहिनी," मी म्हटलं. "माझ्यामुळेच गेलं. मधुरा जेवली का?"

 मग मागून मधुराचा आवाज आला, जरा वैतागलेला, वाटी कुठे ठेवलीस म्हणून आईला विचारणारा. वहिनींनी फोन न ठेवता तसाच धरून ठेवला होता. आम्ही दोघी ऐकत राहिलो.